आहेर, ओटी, वाण आणि पाकीट: देण्याघेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई आली की घरोघरी तीच कुजबुज सुरू होते: “पाकिटात किती घालू?” मग संक्रांत येते, वाणाचं काय करायचं. मग अधिक महिना येतो, जावयाला काय द्यायचं. खालची उत्तरं धर्मशास्त्रातून काढलेली नाहीत. लोक प्रत्यक्षात काय करतात ते आहे, आणि जागोजागी माझं मत आहे. रीत दर दहा कोसांवर बदलते, त्यामुळे तुमच्या घरची आजी वेगळं सांगत असेल तर खुशाल तिचं ऐका.

लग्नाच्या पाकिटात किती घालायचे?

त्या घराने तुमच्याकडच्या कार्यात किती घातले होते ते आधी आठवा. आठवत नसेल तर आईला विचारा, तिला नक्की माहीत असतं. तो आकडा धरायचा आणि मधल्या वर्षांच्या महागाईपुरता वाढवायचा. दुप्पट-तिप्पट करायचा नाही. हे शेवटचं वाक्य बहुतेकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आहेर हा परत जाणारा असतो. महिन्याला पंचवीस हजारांत भागवणाऱ्या घरी तुम्ही अकरा हजारांचं पाकीट दिलंत, की आनंदाबरोबर त्यांना घोरही लागतो: उद्या यांच्या मुलीच्या लग्नात आपण काय घालायचं? कदाचित तुमच्याकडे यायचंच टाळतील. समोरच्याला फेडता येईल एवढाच आहेर घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. देणं, घेणं आणि परत करणं या तिन्ही गोष्टी माणसावर बंधनासारख्या येतात, असं फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ साली मांडलं. जगभरातल्या चालीरीती धुंडाळून त्यांनी हा निष्कर्ष काढला. आपल्याकडे त्यासाठी एक लग्न उरकलं की पुरतं.

नातेवाइकाला खरोखर मदतच करायची असेल तर ती पाकिटातून करू नका. लग्नाच्या आधी गुपचूप जाऊन आचाऱ्याचा किंवा मंडपाचा खर्च उचला, आणि चारचौघांत पाकीट मात्र बरोबरीचंच द्या. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणतं सांगितलंय? जो परतफेड करू शकत नाही त्याला दिलेलं. ते दान झालं. आहेराची जात वेगळी.

५०० घालावेत की ५०१?

५०१. शून्यावर रक्कम संपवली की व्यवहार संपला असं वाटतं, वरचा रुपया तो पुढे चालू ठेवतो. म्हणून तर बाजारात नाणं चिकटवलेली पाकिटं मिळतात. (ते नाणं निघता निघत नाही आणि काढायला गेलं की पाकीट फाटतं, हा भाग वेगळा.) मोबाइलवरून पैसे पाठवणारेही वरचा एक रुपया विसरत नाहीत.

जपानमध्ये लग्नाच्या पाकिटात मित्रमंडळी साधारण ३०,००० येन घालतात, म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा, कारण नोटांची संख्या दोनाने भागली गेली तर ती जोडपं विभागलं जाण्याची खूण. चीनमध्ये बरोबर उलटं: लाल पाकिटात शुभप्रसंगी सम आकडा हवा, फक्त चार नको. आठ असेल तर उत्तमच.

पत्रिकेवर “कृपया आहेर आणू नये” असं छापलंय. तरी न्यायचा का?

छापलंय ते खरं धरा आणि रिकाम्या हाताने जा. फार तर एक गुलाबाचं फूल. अडचण अशी आहे की दहातले चारजण तरीही पाकीट काढतात, वधूपिता “अहो, नको नको” करत मागे सरतो, आणि रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्याची पंचाईत होते. जवळचं नातं असेल आणि द्यायचंच असेल तर नंतर घरी जाऊन द्या. स्टेजवर नाही.

आहेराची वही अजून ठेवतात का?

गावाकडे ठेवतात. मंडपाच्या दाराशी टेबल, त्यावर शंभर पानी वही, हिशोबात पक्का असलेला एखादा भावकीतला माणूस, आणि शेजारी पैसे ठेवायला पिशवी किंवा स्टीलचा डबा. काही ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून नावानिशी पुकारतातही: अमुक पाटलांकडून एक हजार एक रुपये आहेर. पुकारलेला आकडा ऐकून पुढचा माणूस खिशातली नोट बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

शहरात वहीची जागा रात्री बारा वाजता पलंगावर पाकिटं ओतून बसलेल्या आई-मावशीने घेतली आहे. एकीने फोडायचं, दुसरीने लिहायचं. पाकिटावर नाव नसेल तर अक्षरावरून ओळखायचं. म्हणून एक विनंती: पाकिटावर नाव लिहा, आडनावासकट. “सुनील आणि परिवार” या नावाची माणसं प्रत्येक लग्नाला किमान तीन असतात.

वही जपून ठेवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती उधारीची वही नव्हे. कोणत्या घराशी आपलं किती येणंजाणं आहे हे तिच्यात दिसतं, आणि वीस वर्षांनी उघडली तर त्यातली निम्मी नावं कुठे गेली हेही दिसतं.

भांड्यावर नाव घालून द्यावं का?

आता फारसं कुणी घालत नाही. पूर्वी तांब्या-पितळेच्या आणि पुढे स्टीलच्या दुकानात भांडं घेतलं की दुकानदार विचारायचाच, “नाव घालायचं?” मग ते कर्र आवाज करणारं विजेचं यंत्र निघायचं आणि डब्याच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटायची: चि. सौ. कां. अमुक हिस लग्नप्रसंगी मामाकडून सप्रेम भेट, खाली तारीख. घरातले जुने डबे उलटे करून बघा, नात्यागोत्याचा अर्धा इतिहास तिथे सापडेल. फायदा दुहेरी होता: शेजारी गेलेलं भांडं परत यायचं, आणि नाव घातलेलं भांडं दुसऱ्याला आहेरात देता यायचं नाही.

मिळालेली साडी पुढे दिली तर चालते का?

चालते. सगळेच देतात, बोलत कुणी नाही. आपल्या कपाटात एक खास कप्पा असतो: “द्यायच्या साड्या.” त्यांचा पोत, रंग आणि घडी बघताच कळतं की या नेसायला घेतलेल्याच नाहीत. ब्लाउजपीस, शर्टपीस आणि टॉवेल-टोपीचंही तेच.

नियम तीन. ज्या घरातून आली त्या घरात, त्यांच्या व्याह्यांत किंवा त्यांच्या शेजारी द्यायची नाही. घडी मोडलेली द्यायची नाही. आणि आतली चिठ्ठी काढायची. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा.

पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर फिरत्या आहेराला मोठी प्रतिष्ठा आहे. तिथल्या कुला नावाच्या रीतीत लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. वस्तू काही काळ आपल्याकडे ठेवायची, मिरवायची आणि पुढच्या भागीदाराला द्यायची. अडकवून ठेवणाऱ्याची नाचक्की होते. जितक्या हातांतून गेली तितकी ती मोलाची. आपल्या जांभळ्या ब्लाउजपीसला अजून तेवढा मान मिळालेला नाही.

लग्नात मानपान कुणाकुणाचे करावे लागतात?

यादीला अंत नाही. विहीणबाई, व्याही, करवली, दोन्हीकडच्या आत्या, काका-काकू, आजोळची माणसं. मुलीच्या मामाचं स्थान वेगळंच, कारण तो तिला बोहल्यापर्यंत घेऊन येतो. साडी कुणाला किती रुपयांची यावरून जे रुसवेफुगवे होतात त्यांत साडीचा दोष नसतो. आपल्याला कुठल्या पायरीवर बसवलं, हे माणसं साडीच्या किमतीवरून मोजतात.

माझा सल्ला: एका पायरीवरच्या सगळ्यांना एकाच किमतीच्या साड्या, आणि त्या कार्याच्या आधी घरी नेऊन द्या. दोन्हीकडची मंडळी मिळून मानपान सरळ रद्दच करत असतील तर सोन्याहून पिवळं. फक्त ठरलेलं दोन्हीकडच्या थोरल्या बायकांना स्वतः जाऊन सांगा, पुरुषांमार्फत निरोप पाठवू नका.

भेट कुठे संपते आणि हुंडा कुठे सुरू होतो?

मागणी आली की. “आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या” हे वाक्यसुद्धा कुणी, कधी आणि कोणत्या सुरात म्हटलं यावर मागणी ठरू शकतं.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा किमान ५ वर्षं कैद आणि १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यांपैकी जो जास्त असेल तो दंड. लग्नाच्या वेळी न मागता दिलेल्या भेटी कायद्याला चालतात, पण त्यांची लेखी यादी करायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वरांची सही. हे नियम १९८५ चे. मुलीकडून जाणारी भेट रीतीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीत बसणारी असली पाहिजे, असंही कायदा म्हणतो. यादी करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. करा, खरंच करा. एका कागदाचं काम आहे.

मुलीला मिळालेले दागिने आणि वस्तू तिचं स्त्रीधन असतं. सासरच्या कपाटात ठेवलं म्हणून त्यावर सासरची मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सांगितलं आहे.

अधिक महिन्यात जावयाला काय द्यायचं?

३३ अनारसे, चांदीच्या किंवा तांब्याच्या ताम्हनात, वर दिवा. जावई-मुलीला जेवायला बोलवायचं, ऐपतीप्रमाणे कपडे. मराठवाडा-विदर्भाकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि जेवणात पुरणाचे धोंडे करतात. हा महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून.

सराफांच्या जाहिरातींमुळे हल्ली अनारसे मागे आणि सोन्याची अंगठी पुढे आली आहे. अंगठी रीतीत नाही. अनारसे मात्र जमणं कठीण: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर ते हसले, म्हणजे विरघळले, की सगळं मुसळ केरात. विकतचे आणा, कुणी मोजत असेल तर फक्त तेहेतीस असल्याची खात्री करा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटावं?

संपणारं काहीतरी. प्लास्टिकची चाळणी, डबी आणि कंगवा प्रत्येक घरी पुरेसे झाले आहेत. रथसप्तमीपर्यंत तुमची तीस घरं झाली तर तीस डब्या घरात येणार आणि त्यातल्या अठ्ठावीस पुढच्या वर्षी पुन्हा फिरणार. गूळ, हळद, शेंगदाण्याची पुडी, कापडी पिशवी, साबण, झाडांच्या बिया यांतलं काहीही द्या.

ओटी फक्त सवाष्णीचीच भरायची का?

रीत तशी होती: खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, सुपारी, हळकुंड, आणि समोरची सवाष्ण. नवरा गेलेली बाई त्याच घरात, त्याच बैठकीत, आतल्या खोलीत बसून राहायची. ज्या रीतीत एकीला देण्यासाठी दुसरीला उठवावं लागतं ती मला कधीच पटली नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करण्याचं आवाहन केलं. तेव्हापासून सर्व बायकांना बोलावून केलेली हळदीकुंकवं गावोगावी होतात. तुमच्या घरी करायची असतील तर गाजावाजा नको. आमंत्रण सगळ्यांना सारखं द्या, आणि नवरा गेलेली बाई आली की तिच्यापासूनच सुरुवात करा.

दसऱ्याला आपट्याचीच पानं हवीत का?

नाही. बाजारात आपटा म्हणून विकतात ती बरीचशी कांचनाची असतात आणि झाडं मात्र दोन्ही ओरबाडली जातात. घरातल्या एका पानावर सगळ्यांचं सोनं होतं. थोरांच्या हातात ठेवा, नमस्कार करा, तेच पान पुढच्याला.

भाऊबीजेची ओवाळणी मोबाइलवरून पाठवली तर?

भाऊ अमेरिकेत असेल तर काय करणार? पण गावातच असेल तर ताटात घालायला या. आणि बहिणीनेही भावाला काहीतरी दिलं तर बिघडत नाही.

मुलांच्या वाढदिवसाला परतीची भेट द्यावीच लागते का?

सोसायटीतल्या प्रथेने आता लावलीच आहे. पाहुण्यांना यजमानाने देण्याची रीत जगात नवी नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी पॉटलॅच नावाच्या समारंभात आलेल्यांवर वस्तूंची खैरात करत, आणि जो जास्त देईल त्याचा मान मोठा. सरकारला ती उधळपट्टी वाटली, म्हणून १८८५ ते १९५१ पर्यंत त्यावर कायद्याने बंदी होती. सोसायटीत अशी बंदी यायची शक्यता नाही. एक पेन्सिल आणि एक गोष्टीचं पुस्तक पुरे.

दुःखाच्या घरी काय न्यावं?

पहिल्या दिवशी जेवण. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकी किंवा शेजारी पिठलं-भाकरी नेतात. गावाकडे त्याला कडू घास म्हणतात. डबा तुमच्या हाताने वाढून द्या, कारण त्या घरातलं कुणी स्वतःहून घेत नाही. पुढे दहाव्या-तेराव्याला जवळचे नातेवाईक दुखवट्याचा आहेर करतात: टोपी-टॉवेल, साडी. शहरात हे कमी होत चाललंय. हॉस्पिटलच्या बिलाने वाकलेल्या घराला साडीपेक्षा पैसे लागतात. पाकीट द्यायला संकोच वाटतो हे मान्य, पण द्या. त्यात वरचा एक रुपया घालू नका.

जपानी लोक अशा वेळी पैसेच देतात, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याच्या पाकिटात, आणि नोटा जाणूनबुजून वापरलेल्या. कोऱ्या नोटा म्हणजे या मृत्यूची तुम्ही आधीपासून तयारी करून बसला होतात असा अर्थ होतो. लग्नाला मात्र कोऱ्याच. पाकिटावरच्या दोऱ्याची गाठही ठरलेली: लग्न आणि मृत्यू पुन्हा येऊ नयेत म्हणून न सुटणारी, बाळाचा जन्म पुन्हा पुन्हा व्हावा म्हणून सहज सुटणारी.

परदेशी कुणाच्या घरी जायचंय. काय सांभाळावं?

जपान: दोन्ही हातांनी द्या. चार वस्तूंचा संच नको, कारण चारचा एक उच्चार मृत्यूसारखा आहे. तुमच्या भेटीच्या निम्म्या किमतीचं काहीतरी परत आलं तर दचकू नका, तशीच पद्धत आहे. चीन: घड्याळ नको. रशिया: फुलं विषम संख्येतच, सम संख्या अंत्यविधीला. जर्मनी: गुच्छावरचा कागद दारातच काढा, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवसही आधी देऊ नका, अपशकुन मानतात. आखातात: मद्य नको, उजवा हात.

अमेरिकेत लग्नाच्या जोडप्याने दुकानात वस्तूंची यादीच लावलेली असते. आपल्या मंडळींना ते निर्लज्जपणाचं वाटतं आणि ती यादीबाहेरची समई घेऊन जातात. यादीतलंच द्या. नंतर आभाराचं पत्र येईल, हाताने लिहिलेलं. तुम्हाला कुणी भेट दिली तर तुम्हीही लिहायचं असतं, हे मात्र लक्षात ठेवा.

भेट समोर उघडायची की नंतर?

आपल्याकडे नंतर. समोर उघडली की हावरटपणा दिसतो आणि किंमत चेहऱ्यावर उमटते. जपान-चीनमध्येही हाच विचार. अमेरिकेत न उघडता बाजूला ठेवलीत तर ती आवडली नाही असा अर्थ निघतो. पाहुणा कुठला ते बघा.

गोव्यात नवी सून झाल्यावर शेजारी गोडाचं का पाठवतात?

ते वजें. मुलीच्या माहेरून आलेली फळं, मिठाई, दोदोल, बोल सासरचे लोक शेजारीपाजारी वाटतात. ख्रिस्ती लग्नांत आहे, आणि हिंदू घरांत लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. वाटपात सगळा वाडा जोडला जातो हे खरं, पण वजें कोणाचं किती मोठं यावरून माहेरच्यांची ओढाताण होते हेही तितकंच खरं. नाताळात ख्रिस्ती घरांतून कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं हिंदू शेजाऱ्यांकडे जातात आणि चवथीच्या नेवऱ्या उलट दिशेने. त्यात कुणावर ओझं नाही.

शेजारणीचा डबा रिकामा परत द्यावा का?

नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर.

लग्नात मिळालेल्या पैशांवर आयकर लागतो का?

तुमच्या स्वतःच्या लग्नात तुम्हाला मिळालेल्या भेटींवर नाही, देणारा कुणीही असो. वाढदिवस, मुंज, वास्तुशांत यांना ही सूट नाही. तिथे नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले तर पूर्ण रकमेवर कर लागतो, फक्त वरच्या भागावर नाही. रोख रकमेला आणखी एक मर्यादा आहे: एका प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

गंमत नातेवाइकांच्या व्याख्येत आहे. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी हे कायद्याचे नातेवाईक. चुलत, मावस, मामे, आते भावंडं नाहीत. काकाने पुतण्याला दिलेले पाच लाख करमुक्त, आणि त्याच पुतण्याने काकाला दिलेले पाच लाख करपात्र. मोठी रक्कम असेल तर चेकने किंवा खात्यात द्या-घ्या, आणि साध्या कागदावर भेटपत्र करून दोघांनी सही करून ठेवा.